बिस्लीच्या रेंजवर कोल्हापूरचं नाव

पाच गोळ्या माझ्या वाट्याच्या होत्या आणि त्या मी कधी मारल्याच नाहीत. 1986 च्या हिवाळ्यात, कोल्हापुरात कॉलेजात असताना, एनसीसीच्या कॅम्पला प्रत्येक मुलीला पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या मिळायच्या. फायरिंगच्या आदल्या रात्री मला ताप भरला. दुसऱ्या दिवशी मी तंबूत घोंगडं पांघरून पडले होते आणि टेकाडापलीकडून टप्, टप् असा बारीक आवाज येत होता. संध्याकाळी मैत्रिणी भोकं पडलेले कागद घेऊन आल्या आणि कुणाची पाच भोकं किती जवळजवळ पडलीत ते वितीनं, बोटानं मोजत बसल्या. घरी गेल्यावर दादानं विचारलं, "तुझ्या पाच गोळ्या कुणी मारल्या गं?" पुढे कितीतरी वर्षं तो हे विचारत राहिला. माझ्या हळदीच्या दिवशीसुद्धा.

त्यामुळे आमच्या इथल्या मंडळात जेव्हा कुणीतरी म्हणालं, "या वेळी रायफल शूटिंग करून बघू या का?", तेव्हा पहिला हात माझा वर गेला.

आमचं मंडळ म्हणजे लंडनच्या पश्चिमेला आणि सरे परगण्यात राहणारी पंधराएक मराठी घरं. गणपती, दिवाळी सगळे मिळून करतो, आणि महिन्यातून एकदा काहीतरी असं करतो जे आमच्यापैकी कुणीच आधी केलेलं नसतं. एकदा चाकावर मातीची भांडी केली, एकदा कालव्यातून बोट चालवली. नेमबाजीची कल्पना नागपूरच्या भाऊजींची. त्यांच्या ऑफिसातला एक सहकारी बिस्लीच्या नेमबाजी मैदानावर जाणाऱ्या एका रायफल क्लबचा सभासद आहे.

सगळ्यांना ती कल्पना रुचली नाही. सोलापूरच्या वहिनी इथे प्राथमिक शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "बंदूक हा काय सहलीचा विषय झाला?" आणि मग त्यांनी डनब्लेनचं नाव घेतलं. 1996 मध्ये स्कॉटलंडच्या त्या गावात एका माणसानं शाळेत शिरून सोळा लेकरांना आणि त्यांच्या बाईंना गोळ्या घातल्या होत्या. वहिनींचं म्हणणं कुणी उडवून लावलं नाही, लावण्यासारखं नव्हतंच ते. त्या घटनेनंतर 1997 मध्ये ब्रिटननं पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. रायफली राहिल्या, पण परवान्याखाली आणि गृहखात्यानं मान्य केलेल्या क्लबांच्या देखरेखीखाली. वहिनी म्हणाल्या, "मी येते. पण मी फक्त बघणार." तेवढ्यावर ठरलं.

मग कागदपत्रं. क्लबच्या सेक्रेटरींनी आधी आमच्याबद्दलच विचारलं: मंडळ कसलं, किती जण, जबाबदार माणूस कोण. पाहुण्यांसाठीचे दिवस क्लबला वर्षात मोजकेच मिळतात आणि असा दिवस असला की पोलिसांना किमान 48 तास आधी कळवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. शिवाय प्रत्येकानं एका कागदावर सही करायची. 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टच्या एकविसाव्या कलमाखाली ज्यांना शस्त्र हातात धरायलाच मनाई आहे, म्हणजे ज्यांना तीन महिने किंवा जास्त तुरुंगवास झालेला आहे, त्यांच्यातले आपण नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. आमच्यातल्या एका आजोबांनी तो कागद तीनदा वाचला आणि सही करताना पेन नीट पुसून घेतलं. मला ते फार आवडलं. ज्या कामात जीव जाऊ शकतो, त्याची सुरुवात अशी सावकाश सही करूनच व्हायला हवी.

मे महिन्यातला शनिवार. वॉटर्लूहून ब्रुकवुडला गाडीनं आलो. ब्रुकवुड स्टेशनाच्या एका अंगाला इंग्लंडातली एक फार मोठी दफनभूमी आहे. तिच्या पारशी भागात जमशेटजी टाटांची समाधी आहे, शेजारी त्यांच्या दोन्ही मुलांच्या. वेळ नव्हता म्हणून आत गेलो नाही, पण मुंबईकर काकांनी फलाटावरूनच त्या दिशेला हात जोडले. स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला, पायी वीस-पंचवीस मिनिटांवर बिस्ली.

बिस्ली कॅम्प मी मनात काही वेगळाच धरला होता. तारा, काँक्रीट, करडे दरवाजे, असं काहीतरी. प्रत्यक्षात पाचगणी-महाबळेश्वरला जुने बंगले असतात ना, तसे लाकडी, व्हरांड्याचे, पांढऱ्या कठड्यांचे क्लब ओळीनं उभे. पाइनची झाडं, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, आणि सगळ्या वाऱ्यात जळलेल्या दारूचा किंचित वास. दिवाळीच्या सकाळी अंगणात येतो तसा, पण त्याहून फिका. इथली नॅशनल रायफल असोसिएशन 1859 ची. पहिली तीस वर्षं तिच्या स्पर्धा विम्बल्डनच्या माळावर व्हायच्या. 1860 मध्ये पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीनं मारली. रायफल आधीच नेम धरून यंत्रात घट्ट बसवलेली, राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली, आणि 400 यार्डांवर गोळी मध्याजवळ लागली. विम्बल्डनभोवती वस्ती वाढली तशी ही मंडळी 1890 मध्ये बिस्लीला आली. 1908 च्या ऑलिंपिकची रायफल नेमबाजी इथेच झाली.

आणि 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजीही इथेच झाली होती. मँचेस्टरला नव्हे, इथे. अंजली भागवतनं त्या स्पर्धेत चार सुवर्णपदकं मिळवली, त्यातलं एक सुमा शिरूरबरोबर जोडीत. मी तेव्हा या देशात नवी होते. घरात एक छोटा टीव्ही होता आणि पोटाशी सहा महिन्यांची मुलगी. बातमी ऐकून मी तिला उचलून घरभर नाचले होते, पण ते मैदान माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तीच मुलगी आता माझ्या शेजारून चालत होती. तिला म्हटलं, "इथे झालं होतं ते." तिनं थांबून फोटो काढला. फोटोत नुसतं गवत आणि झाडं आहेत.

आम्हाला दोन प्रशिक्षक होते, दोघंही सत्तरीच्या पुढचे. एक गृहस्थ, माजी रेल्वे इंजिनीअर. एक बाई, पूर्वी गणित शिकवायच्या. पहिला तास त्यांनी आम्हाला रायफलीला हात लावू दिला नाही. नियम थोडे होते, पण प्रत्येक नियम ते दोन वेळा सांगायचे आणि मग आमच्यातल्या कुणाकडून तरी वदवून घ्यायचे. रायफल भरलेलीच आहे असं समजून वागायचं. नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा, उघडा असेल आणि नळीत रंगीत प्लास्टिकचं निशाण खोचलेलं असेल तरच रायफल "मोकळी". कुणीही, अगदी आज पहिल्यांदा आलेल्यानंसुद्धा, काही चुकीचं दिसलं तर मोठ्यानं "स्टॉप" म्हणायचं, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी थांबायचं. सोलापूरच्या वहिनींनी विचारलं, "मी फक्त बघायला आलेय. मी म्हटलं तरी?" गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हटलं तर आधी थांबायचं." त्या क्षणी वहिनींच्या खांद्यांतला ताण थोडा उतरला, तो मी पाहिला.

मग डोळ्यांची परीक्षा. दोन्ही हात समोर लांब करून तळव्यांमध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवायची, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबचं झाड बघायचं, आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं झाड फटीतच राहतं तो तुमचा मुख्य डोळा. मी उजव्या हाताची, पण माझं झाड डाव्या डोळ्याला दिसत राहिलं. जन्मभर मला हे माहीत नव्हतं. सुईत दोरा ओवताना मी मान का वाकडी करते, हे आज कळलं. प्रशिक्षक म्हणाले, काही अडचण नाही, आणि त्यांनी रायफलीच्या मागच्या साइटला, म्हणजे डोळा लावून नेम धरायच्या भागाला, डाव्या बाजूला दुधी प्लास्टिकची एक पट्टी अडकवली. म्हणजे डावा डोळा उघडाच राहतो, पण त्याला दिसतं फक्त धुकं.

आमची दोन टोळ्यांत विभागणी झाली. एक टोळी आधी मारणार, दुसरी आधी खंदकात. मी खंदकात.

याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण नेमबाजी म्हटलं की मारणाराच डोळ्यांपुढे येतो. सेंच्युरी रेंजवर लक्ष्यांची लांबच लांब रांग आहे आणि तिच्यापुढे मातीचा उंच बांध. त्या बांधाच्या आड, काँक्रीटच्या भिंतीला टेकून आपण बसतो. डोक्यावर लोखंडी चौकटीत कागदाचं मोठं लक्ष्य वर-खाली सरकतं, विहिरीवरच्या रहाटासारखं, दोन्ही बाजूंचा तोल साधलेला. गोळी आधी येते आणि बंदुकीचा आवाज मागून, कारण गोळी आवाजाच्या दुपटीहूनही जास्त वेगानं येते. डोक्यावर आसूड कडाडल्यासारखा फट्कन आवाज होतो, मागच्या वाळूत धूळ उडते, आणि त्यानंतर लांबून दबका "ठो" ऐकू येतो. पहिल्या दोन वेळा मी मान आत ओढून घेतली. तिसऱ्यांदा माझं लक्ष कामात गेलं होतं. लक्ष्य खाली ओढायचं, भोक शोधायचं, त्यात चकती खोचायची, आधीच्या भोकावर चिकटपट्टी लावायची, गुणांची खूण लावायची आणि लक्ष्य वर ढकलायचं. तिकडे 300 यार्डांवर झोपलेल्या माणसाला दुर्बिणीतून ती चकती दिसते आणि आपली गोळी कुठे लागली ते कळतं. तुम्ही हळू केलंत तर त्याचा वारा बदलतो. घाईत चकती भलत्या भोकात खोचलीत तर तो साइट चुकीची फिरवतो. ओळखदेख नसलेल्या माणसाचं काम तुमच्या हातात असतं. माझ्याबरोबर मुंबईकर काका होते. एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत, पण तासभर त्यांच्या तोंडून "खाली", "चार", "वर" एवढंच निघालं.

गुणांची नावं इथली खास आहेत. मध्याच्या वर्तुळाला बुल, पाच गुण. बुलच्या आत अजून एक छोटं वर्तुळ, त्याला व्ही-बुल. गुण पाचच, पण बरोबरी झाली तर व्ही मोजतात. बाहेर इनरला चार, मॅगपायला तीन, आउटरला दोन आणि अगदी कडेला नुसता हिट, एक गुण. मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी आहे, आणि पूर्वी तीन गुणांसाठी खंदकातून काळी-पांढरी खूण दाखवत, म्हणून ते नाव.

दुपारी जेवणाआधी सगळ्यांना हात धुवायला लावले, साबणानं, थंड पाण्यानं. काडतुसाच्या पेटणाऱ्या टोपीत आणि गोळीत शिसं असतं, ते हातावर राहतं. मग हिरवळीवर चादरी पसरल्या. तिखट-मिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी, आणि मी नेलेली खर्डा-भाकरी. प्रशिक्षक काकांना खर्ड्याबद्दल सावध केलं होतं, तरी त्यांनी तो सगळा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण म्हणाले, "हे कुठलं?"

"माझ्या गावचं," मी म्हटलं. "कोल्हापूरचं."

त्यांनी भाकरी खाली ठेवली. "कोलापोर?"

"कोल्हापूर."

"कोलापोर कपचं कोलापोर?"

मला काही कळेना. ते उठले, आपल्या पिशवीतून जाडजूड पुस्तक काढून आणलं. असोसिएशनच्या नियमांचं पुस्तक, त्याला इथे सगळे बिस्ली बायबल म्हणतात. पानं उलटून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे इंग्रजीत आपल्या गावाचं नाव होतं, जुन्या साहेबी वळणाचं: कोलापोर. राष्ट्रकुलातल्या देशांच्या संघांची स्पर्धा. आठ जणांचा संघ, 300, 500 आणि 600 यार्ड, प्रत्येक अंतरावर माणशी दहा गोळ्या, एकूण गुण जास्तीत जास्त 1200. पहिल्यांदा झाली 1871 मध्ये, विम्बल्डनच्या माळावर, आणि अजूनही जुलैतल्या मोठ्या मेळाव्यात होते. कप दिला होता कोल्हापूरच्या राजानं. ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी हे नाव घेतोय. हे गावाचं नाव आहे आणि तिथे माणसं राहतात, हे आज कळलं."

मला मात्र राजा कोण ते लगेच कळलं. 1871 म्हटल्यावर दुसरं कोण असणार? आमच्या कॉलेजचंच नाव ते. राजाराम महाराज, छत्रपती शिवरायांच्या घराण्यातले, शाहू महाराजांच्या आधीचे. 1870 मध्ये ते विलायतेला आले तेव्हा वीस वर्षांचे होते. लंडन पाहिलं, राणीची भेट घेतली, रोज इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परत जाताना इटलीत फ्लॉरेन्सला प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 ला तिथेच गेले. आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर त्यांना अग्नी दिला, कारण आपल्या लोकांनी संगमच शोधला. आज तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक "भारतीयाचा पूल" म्हणतात. हे सगळं मला शाळेपासून माहीत होतं. पंचगंगेच्या काठचा मुलगा आर्नोच्या काठी गेला, असं आमच्या आजी सांगायच्या आणि दर वेळी पदर डोळ्यांना लावायच्या.

पण कपाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकले, त्याच गावात एनसीसीची वर्दी घातली, पाच गोळ्यांची हळहळ जन्मभर सांभाळली. आणि त्याच राजानं दिलेल्या कपासाठी इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाची माणसं दीडशे वर्षं पालथं झोपून नेम धरताहेत. ज्या वर्षी कप पहिल्यांदा लढला गेला त्या वर्षी तो देणारा हयात नव्हता. मी हे सगळं सांगितलं तेव्हा आमची सगळी चादर गप्प झाली. गणिताच्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "किती वर्षांचा म्हणालात?" मी परत सांगितलं.

कोल्हापुराला नेमबाजी नवी नाही, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. तेजस्विनी सावंत आमची. 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, प्रोन म्हणजे आज आम्ही झोपणार होतो तसंच पालथं झोपून. राही सरनोबत आमची. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, 2024 मध्ये पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आला. प्रशिक्षक काकांनी कुसाळेची अंतिम फेरी टीव्हीवर पाहिली होती. "त्याचं गाव आणि तुमचं गाव एकच?" "बसनं जाता येतं," मी म्हटलं.

मग माझी पाळी आली.

जाड कॅनव्हासचं जाकीट अंगात घातलं. ते इतकं ताठ असतं की त्यात माणूस स्वतःहून वाकत नाही. डाव्या दंडाला पट्टा आवळला आणि त्याचं दुसरं टोक रायफलीला. चटईवर पालथी झोपले, अंग थोडं तिरपं, उजवा गुडघा किंचित वर ओढलेला, म्हणजे पोट जमिनीपासून सुटतं आणि श्वासानं रायफल हलत नाही. डावं कोपर रायफलीच्या खाली. रायफलीचं वजन हातानं पेलायचंच नसतं, ते पट्टा पेलतो, हाडं पेलतात. स्नायूनं पेललं की तो थकतो आणि थरथरतो. प्रशिक्षक काका म्हणाले, "डोळे मिटा. दोन श्वास घ्या. उघडा. रायफल कुठे बघतेय?" ती शेजारच्या लक्ष्याकडे बघत होती. "हातानं ओढून आणू नका. सगळं अंग वळवा." मी कोपर न हलवता कमरेतून सरकले. परत डोळे मिटले. असं चार वेळा केलं, तेव्हा कुठे डोळे उघडल्यावर समोर आपलं लक्ष्य होतं.

रायफलीवर दुर्बीण नसते या प्रकारात. मागे बारीक भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकाला एक कडी. 300 यार्डांवरचा काळा गोल त्या कडीत बसवायचा. गोल केवढा दिसतो? हात लांब करून बोटावर मोहरीचा दाणा धरा, तेवढा. दाण्याच्या भोवती पांढरी कडा सगळीकडून सारखी दिसली पाहिजे, एवढंच काम.

पहिलं काडतूस काकांनी माझ्या तळहातावर ठेवलं. पितळेचं, बोटापेक्षा लांब, टोकाला तांबूस गोळी. अपेक्षेपेक्षा जड आणि उन्हात तापलेलं. बोटांनी आत सरकवलं, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबला. तो बंद होताना काही आवाज झाला नाही, नुसतं बोटांना कळलं. जुन्या तिजोरीचं दार लागतं तसं. श्वास घेतला, सोडला, आणि सोडून झाल्यावर जी रिकामी जागा असते तिथे थांबले. कडीतला दाणा स्थिर झाला. चाप ओढायचा नाही, बोटाचं पेर मागे येत राहील असं दाबत राहायचं. कधी सुटली ते मला कळलं नाही. खांद्याला घट्ट, बोथट धक्का, कानांवरच्या मफमधूनही पोटात जाणवणारा आवाज, आणि मग खंदकातून लक्ष्य खाली गेलं. तिथे कुणीतरी भोक शोधत होतं. सकाळी मी शोधत होते तसं.

वर आलं तेव्हा चकती खाली डावीकडे. आउटर, दोन. साइट जुळवण्यासाठीच्या दोन गोळ्या असतात, ही त्यातली पहिली. काकांनी मागच्या साइटचे खटके मोजून फिरवले: एक मिनिट (हे कोनाचं माप) म्हणजे शंभर यार्डांवर साधारण एक इंच, तीनशेवर तीन. दुसरी तीनवर आली. आणखी दोन खटके. मग म्हणाले, "आता गुण मोजायचे. दहा."

चार. चार. तीन, कारण वारा वाढला आणि रेंजवरची वाऱ्याची निशाणं ताठ झाली होती, पण मी ती बघितलीच नाहीत. मग पाच. लक्ष्य वर आलं आणि चकती मध्याजवळ दिसली, तेव्हा माझ्या घशात काहीतरी आलं आणि श्वास बिघडला. मी तशीच पाचवी भरली, नेम धरला, सोडली. आमचं लक्ष्य जागचं हललं नाही. शेजारचं खाली गेलं. मी दुसऱ्याच्या लक्ष्यावर मारली होती. वर आलं तेव्हा त्यावर स्वच्छ बुल. पण माझ्या कार्डावर शून्य.

"होतं असं," काका म्हणाले. "मोठमोठ्यांचं होतं. आता आकडा मोठ्यानं वाचा, मग भरा." त्यानंतर प्रत्येक गोळीच्या आधी मी लक्ष्याखालचा आकडा मराठीत मोठ्यानं वाचला. चार. पाच. चार. चार. आणि दहावी व्ही-बुल. एकूण 38.1, म्हणजे अडतीस गुण आणि एक व्ही.

उठले तेव्हा शेजारच्या चटईवर सोलापूरच्या वहिनी जाकीट चढवत होत्या. गणिताच्या बाई त्यांच्याजवळ बसून मार्जोरी फॉस्टरची गोष्ट सांगत होत्या. 1930 मध्ये इथली सगळ्यात मानाची किंग्ज प्राइझ जिंकणारी ती पहिली बाई. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावरून मिरवत नेण्याची इथली प्रथा आहे, तिलाही नेलं होतं. वहिनींनी चारच गोळ्या मारल्या. म्हणाल्या, "मला एवढंच बघायचं होतं, हे लोक हातात हे घेऊन कसे वागतात ते." आणि स्वतः बोल्ट उघडून, निशाण खोचून, रायफल खाली ठेवली. कुणी सांगायच्या आधी.

काकांनी मला आठवण म्हणून एक रिकामं काडतूस देऊ केलं. मी नाही घेतलं. पुढच्या महिन्यात मी कोल्हापूरला जाणार आहे आणि भारतातल्या विमानतळावर सामानात रिकामं काडतूस सापडलं तरी चौकशी लागते. त्याऐवजी गुणांचं कार्ड मागून घेतलं. त्यांनी त्याच्या मागे पेन्सिलीनं "कोलापोर" लिहिलं, मग ते खोडलं आणि मला विचारून विचारून देवनागरीत लिहिलं. "ल्ह" त्यांना तीन वेळा काढून दाखवावा लागला.

परतीच्या गाडीतून दादाला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, पण तो जागा होता. सगळं सांगितलं. राजाराम महाराजांच्या कपाचं ऐकून तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आणि गोळ्या? लागल्या काय?"

मी कार्ड समोर धरून एकेक आकडा वाचला. चार, चार, तीन, पाच.

"आणि पाचवी?"

"पाचवी दुसऱ्याच्या टार्गेटवर गेली, दादा."

"मग ती अजून र्‍हायलीच की गं तुझी," तो म्हणाला.